गिअरबॉक्स, घाट आणि उस्ताद : एका बेनाम हुनराचा इतिहास

भोरचे नाव काढले की लोक राजवाड्याची आठवण काढतात. पंतसचिवांचा तो वाडा, त्याचे चौक, त्याचे लाकडी खांब, आणि आता तिथे चित्रित होणारे सिनेमे. भोर संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. पण वाडा उभा राहिला आणि त्याचा इतिहासही लिहिला गेला. वाड्याच्या इतिहासाला लेखक मिळतो. रस्त्याच्या इतिहासाला तो मिळत नाही. भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गावाच्या शिवेवर उभे राहिले तर एका अंगाला पुणे-सातारा महामार्गाकडे, कापूरहोळला निघणारी वाट आहे, आणि दुसऱ्या अंगाला वरंधा घाट उतरून महाडकडे, कोकणात जाणारा रस्ता. या रस्त्यावरून मोटार धावू लागली तेव्हा तिला धावत ठेवणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न आम्हांला वाड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्या हातांत पांचाळ होते, लोहार-सुतार होते, पंजाबातून आलेले शीख होते, आणि मोठ्या संख्येने आपले मुसलमान मिस्त्री होते. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असे मानतात. 'उस्ताद', 'शागीर्द', 'कारागीर' हे शब्द फारसीतून आले. मराठीने या सर्वांना घरचे करून घेतले. शब्दांना घर मिळाले, ते शब्द वागवणाऱ्या माणसांना मात्र इतिहासाच्या पुस्तकात ओटीवरही जागा मिळाली नाही. या लेखात आम्ही त्यांच्या अनेक कामांपैकी एकच काम घेतो आहोत : जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बदलणे आणि त्याच्या हौसिंगला तडा गेला आहे की नाही हे तपासणे. काम लहान वाटेल. परंतु या लहान कामात देशाची फाळणी आहे, सरकारचे धोरण आहे, शाळेतले विज्ञान आहे आणि आपल्या मुलांची रोजीही आहे.

घाट आणि गिअर

मोटारीचे इंजिन ठराविक वेगाने फिरत असते तेव्हाच पुरेसा जोर देते. सपाटीवर त्याला चाके भराभर फिरवायची असतात, चढावर सावकाश पण जोराने फिरवायची असतात. एकच इंजिन ही दोन्ही कामे करू शकते ते गिअरबॉक्समुळे. लहान चाक मोठ्या चाकाला फिरवते तेव्हा वेग कमी होतो आणि जोर वाढतो, एवढेच त्यातले सूत्र. पुण्याहून भोरला येताना कात्रजचा घाट, भोरहून महाडला जाताना वरंधा घाट. पहिला गिअर टाकल्याशिवाय या चढांवर जुनी गाडी हलत नसे. उतारावर तर गिअरबॉक्सचे काम आणखी मोठे. नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून जाणता ड्रायव्हर गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या ओढीने तिला रोखत उतरतो. ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरायचे, हा घाटाचा जुना कायदा आहे.

सुरुवातीच्या गाड्यांत गिअर बदलणे हीच एक कसरत होती. दोन दात्यांच्या चाकांचे वेग जुळल्याशिवाय ती एकमेकांत बसत नसत. कर्रकर्र आवाज होई आणि दाते झिजत. त्यासाठी ड्रायव्हरला क्लच दोनदा दाबावा लागे. वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश पद्धत अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत १९२८ साली आली. पण पुढची कित्येक वर्षे पहिला गिअर त्या सोयीवाचूनच राहिला. घाटात नेमका पहिलाच गिअर लागतो. त्यामुळे घाटाच्या मुलखात गिअरबॉक्स लवकर झिजले, दाते तुटले, बेअरिंग बसली. घाटाच्या पायथ्याला आणि माथ्याला जी गॅरेजे निघाली ती उगाच निघाली नाहीत.

फाळणी एका कंपनीची

हिंदुस्थानात मोटारी आल्या त्या आयात होऊन. १९२६ साली फोर्डने इथे आपली कंपनी काढली. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. सुटे भाग परदेशातून यायचे आणि इथे जोडले जायचे. १९४४ साली सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिचा कुर्ल्याचा कारखाना पुढे फियाट गाड्यांसाठी नावाजला.

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकन लष्कराच्या जीपा मागे राहिल्या. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सुमारे साडेसहा लाख जीपा बनवल्या होत्या. त्यांतल्या हिंदुस्थानात उरलेल्या गाड्या लिलावात निघाल्या. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द तेव्हापासून मराठीत रुळला. कंत्राटदारांनी, बागाईतदारांनी, पुढाऱ्यांनी त्या घेतल्या. जिथे बैलगाडी कष्टाने जाई तिथे जीप जाऊ लागली.

याच काळात, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, एक कंपनी स्थापन झाली. तिचे नाव होते महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे संस्थापक. दोनच वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. माझगावात जीपची जुळणी सुरू झाली आणि हीच जीप पुढे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून धावली.

आम्ही ही हकीगत वर्गात सांगतो तेव्हा मुलांचे डोळे मोठे होतात. पण तिचा खरा अर्थ पाटीवरच्या नावापुरता नाही. एक मोहम्मद पाटीवरून गेला. पण त्या जीपखाली पाठीवर झोपून नट सोडणारे शेकडो मोहम्मद, इब्राहीम आणि याकूब इथेच राहिले. ते कोठेही गेले नाहीत. ज्याची पाटी गेली त्याचा इतिहास लिहिला गेला आणि जे राहिले त्यांचा लिहायचा राहून गेला, हा उलटा न्याय आहे.

टंचाईतून उगवलेले शास्त्र

१९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की देशातच गाड्या बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच येथे स्थान राहील. नुसती जुळणी करणाऱ्यांना राहणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. देशी उद्योग उभा राहावा हा त्या धोरणाचा हेतू होता आणि तो काही अंशी साधलाही. परंतु रस्त्यावर धावणाऱ्या हजारो शेव्हरोले, डॉज, फोर्ड गाड्यांचे सुटे भाग मिळणे दुर्मीळ झाले. गिअरचा एक दात तुटला की लाखमोलाची गाडी गोठ्यात उभी राहायची.

येथे उस्तादाची गरज लागली. मूळ गिअरबॉक्स मिळत नाही, मग दुसऱ्या गाडीचा बसवायचा. मुंबईत चोर बाजार आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या, पुढे कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, या ठिकाणी मोडीत काढलेल्या गाड्यांचे भाग मिळत. मिस्त्री ढिगातून एक पेटी उचलायचा, हाताने शाफ्ट फिरवून पाहायचा, वीत लावून मोजायचा आणि ही अमक्या गाडीला बसेल असे सांगायचा.

दुसरी पेटी बसवणे म्हणजे नुसते चार बोल्ट आवळणे नव्हे. पहिली गोष्ट क्लच शाफ्टची. त्याच्यावरच्या खाचा आणि क्लच प्लेटच्या खाचा एकच असाव्या लागतात. नसतील तर प्लेट बदलावी लागते. शाफ्टचे टोक इंजिनाच्या बाजूला ज्या पायलट बुशमध्ये टेकते त्याचे माप जुळावे लागते. नाही जुळले तर खराद्याकडून नवीन बुश करून घ्यायचा. दुसरी गोष्ट बेल हौसिंगची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाची. त्याची भोके जुळली नाहीत तर मध्ये लोखंडाची जाड प्लेट घालायची. पण ती घालताना दोन्ही शाफ्टांचा मध्य केसभरही सरकता कामा नये. सरकला तर क्लच थरथरतो, बेअरिंग ओरडते आणि थोड्याच दिवसांत सगळे पुन्हा खाली उतरवावे लागते. तिसरी गोष्ट प्रोपेलर शाफ्टची. नवी पेटी लांब असेल तर तो कापायचा, आखूड असेल तर वाढवायचा, आणि वेल्डिंगनंतर तोल साधायचा. त्यानंतर पेटी टेकण्याचा आडवा पट्टा, गिअरच्या दांड्याची जागा, स्पीडोमीटरची केबल. आणि शेवटी हिशेब मागच्या डिफरन्शियलशी. पुढचे प्रमाण बदलले की गाडीची चाल बदलते. कोणी सपाटीवर पळते आणि घाटात दम टाकते, कोणी घाट चढते आणि सपाटीवर केकाटते.

या विद्येचा सोपा नमुना जीपमध्येच सापडतो. युद्धकाळच्या जीपमध्ये टी-८४ नावाची तीन गिअरची पेटी होती. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये टी-९० ही जास्त दणकट पेटी आली. तिचा पहिला गिअरही थोडा अधिक जोराचा. टी-८४ चे प्रमाण सुमारे २.६६, तर टी-९० चे सुमारे २.८०. दोन्ही पेट्यांची घडण एकाच घराण्याची, त्यामुळे जुन्या जीपमध्ये नवी पेटी बसवणे मिस्त्रींना अवघड गेले नाही. डिस्पोजलच्या जीपने टी-८४ टाकून दिली आणि टी-९० अंगीकारली. असेच पुढे अ‍ॅम्बेसेडरचे झाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिला इसुझूचे इंजिन आणि पाच गिअरची पेटी मिळाली, तेव्हा जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे मालकही तशीच जोडी आपल्या गाडीत बसवून घेऊ लागले.

तडा ओळखण्याची विद्या

मोडीतून आणलेल्या पेटीचा पहिला धोका आतले गिअर नसतात. ते डोळ्यांना दिसतात. धोका बाहेरच्या हौसिंगचा असतो. जुनी हौसिंगे बहुधा बिडाची, काही अ‍ॅल्युमिनियमची. बीड वजन सोसते, पण वाकत नाही. सोसवेनासे झाले की तडकते. तडा केसाएवढा असतो आणि वर वर्षानुवर्षांचे ऑइल, माती आणि रंग बसलेला असतो. अशी पेटी गाडीत चढली तर आधी ऑइल गळते, मग बेअरिंगची जागा सैल होते, शाफ्ट एकमेकांपासून दूर सरकतात, दाते अर्धेच टेकतात आणि ऐन घाटात गिअर निसटतो. भरल्या गाडीचा गिअर उतारावर निसटणे म्हणजे काय, हे वरंध्याच्या रस्त्याने गेलेल्या माणसाला सांगायला नको.

तडा जाण्याच्या जागा ठरलेल्या असतात. बोल्टच्या कानाभोवती, बेअरिंगच्या भोकांच्या कडेला, क्लचच्या दुबेळक्याचा टेकू असतो तिथे, स्टार्टर बसतो त्या बाजूला. कारणेही ठरलेली. एक बोल्ट सैल आणि दुसरा जास्त आवळलेला, इंजिनाचे रबर फाटलेले, किंवा पेटी उतरवताना खाली जॅक न लावता तिला क्लच शाफ्टवर लोंबकळत ठेवलेली. म्हणून उस्ताद शागीर्दाला पहिला धडा देतो तो पाना धरण्याचा नसतो. पेटीखाली टेकू देण्याचा असतो.

तपासण्याची रीत अशी. पेटी संपूर्ण उघडायची. डिझेलने आणि ब्रशने धुवायची, पृष्ठभाग कोरडा करायचा. मग टांगून हलक्या हातोडीने टकटक वाजवायची. सलग बीड घंटेसारखे खणखणते. तडकलेले बीड भद्द वाजते, जसा तडा गेलेला माठ वाजतो. कुंभाराकडून माठ घेताना आपल्या घरातल्या बायका बोटाने वाजवून पाहतात, तीच ही परीक्षा. तेवढ्यावर न थांबता पेटीला रॉकेल पाजायचे. काही तास, जमल्यास रात्रभर. मग फडक्याने अगदी कोरडी पुसायची आणि वरून खडूची भुकटी किंवा पातळ चुना लावायचा. थोड्या वेळाने, हलके ठोके देताच, तड्यात शिरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्या भुकटीवर एक काळपट रेघ उमटते. ती रेघ म्हणजे तडा.

आमच्या वर्गातही खडू असतो. केसासारख्या बारीक फटीत द्रव आपोआप शिरतो आणि सच्छिद्र भुकटी त्याला ओढून घेते, हे केशाकर्षण आम्ही फळ्यावर आकृती काढून शिकवतो. मुले पाठ करतात आणि विसरतात. गॅरेजमधला मुलगा तो शब्द जाणत नाही, पण केशाकर्षणावर माणसांचे प्राण सोपवतो.

ही रीत अडाण्यांचा जुगाड आहे असे कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रेल्वेच्या कारखान्यांत आस आणि इतर अवजड भाग याच पद्धतीने, तेल आणि चुन्याची पांढरी भुकटी वापरून, तपासले जात. पुढे चुंबक आणि लोखंडी कण वापरून तडे शोधण्याची पद्धत निघाली आणि त्यासाठी अमेरिकेत १९३४ साली मॅग्नाफ्लक्स ही कंपनी स्थापन झाली. १९४० च्या दशकात अंधारात चमकणारे रंगद्रव आले. आज विमानांचे भाग अशा द्रवांनी तपासतात. तत्त्व तेच : द्रव आत शिरू द्या, वरचा पुसा, आतला बाहेर येऊ द्या. विमानाच्या हँगरमध्ये त्याला शास्त्र म्हणतात, पत्र्याच्या शेडमध्ये त्याला काही नाव नाही.

तडा सापडल्यावर निर्णय घ्यायचा असतो, आणि उस्तादाची खरी परीक्षा तिथे होते. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडले तर तो पुढे पळत नाही. मग बीड तापवून पितळ भरायचे किंवा निकेलच्या कांडीने थोडे थोडे वेल्डिंग करायचे, आणि राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निववायचे. घाई केली की शेजारी दुसरा तडा जातो. परंतु तडा बेअरिंगच्या जागेतून गेला असेल तर उस्ताद पेटी बाजूला सारतो. गिऱ्हाईक घाईत असते, पैसा समोर असतो, रेघ रंगाखाली झाकता येते. ती न झाकणे यालाच आपल्याकडे इमान म्हणतात. अशा इमानाची नोंद कोणत्याही पावतीवर होत नाही.

अस्सल कोण?

आता काळ बदलला आहे. मुंबईत फियाट पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून गेली. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. जुनी गाडी आता रोजीची वस्तू राहिली नाही. हौसेची आणि प्रतिष्ठेची वस्तू झाली आहे. केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने वाहन, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले, असे असेल तर त्याला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरपाटी मिळते. नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. असे वाहन रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही.

वारसा जपला पाहिजे याबद्दल आमचे दुमत नाही. पण या निमित्ताने एक नवीन बोलणे कानी येते की मिस्त्रींनी जुन्या गाड्यांची वाट लावली, भलत्याच पेट्या बसवल्या, अस्सलपणा घालवला. हे बोलणे अर्धसत्य आहे. ज्या काळी मूळ भाग मिळत नव्हते त्या काळी भलती पेटी बसली नसती तर ती गाडी भट्टीत वितळली असती. आज प्रदर्शनात उभ्या असणाऱ्या कित्येक गाड्या अस्सल राहिल्या नाहीत म्हणूनच जिवंत राहिल्या. आणि गंमत अशी की आज मालकाला मूळ टी-८४ हवी झाली की तो पुन्हा त्याच गल्लीत येतो. कारण टाकून दिलेली पेटी कोणत्या ढिगात गेली, तिच्या कानाला तडा होता की नव्हता, हे म्हाताऱ्या उस्तादालाच आठवते. आपण अस्सलपणा गाडीत शोधतो. तो त्या आठवणीतही असतो.

सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात नोंदवले की मुस्लिम समाज मोठ्या प्रमाणावर स्वयंरोजगारात आहे आणि वाहनदुरुस्ती हे त्याच्या ठळक व्यवसायांपैकी एक आहे. हा आकडा आपण गाऱ्हाण्यासारखा वाचतो. तो वारशासारखाही वाचता येतो. मात्र दोन्ही वाचने एकत्र केली पाहिजेत. हुनर थोर आहे म्हणून दहा वर्षांच्या मुलाने शाळा सोडून पाना हातात घ्यावा, असे आम्ही शिक्षक म्हणून कधीही म्हणणार नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाला दहावी पास लागते. सातवीत शाळा सोडलेला शागीर्द वीस वर्षांनी उस्ताद होतो, पण त्या दारातून आत जाऊ शकत नाही. पूर्वी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत झाली. ती आपल्या गॅरेजांपर्यंत पोहोचवणे हे मशिदीच्या कमिटीचे, मोहल्ल्याच्या संस्थेचे आणि आम्हा शिक्षकांचेही काम आहे.

वेळ फार उरलेला नाही. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत तीन-चार गिअरची पेटी नसतेच. एकाच प्रमाणावर काम भागते. क्लच नाही, बेल हौसिंग नाही, पायलट बुश नाही. रॉकेल आणि खडूने तडा शोधणारी पिढी साठी-सत्तरी ओलांडून चालली आहे. आपल्या साहित्यात शायरांची चरित्रे आली, सूफी संतांची आली, स्वातंत्र्यसैनिकांची आली. मिस्त्रींची अजून यायची आहेत.

आमची वाचकांना एवढीच विनंती आहे की आपल्या घरात, मोहल्ल्यात, नातेवाइकांत असा कोणी उस्ताद असेल तर त्याच्याजवळ वही घेऊन बसावे. कोणत्या गाडीला कोणती पेटी बसवली, माप कसे काढले, तडा कुठे सापडला, काम कोणाकडून शिकला आणि कोणाला शिकवले, हे त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावे. आम्ही आमच्या शाळेत नववीच्या मुलांना हा प्रकल्प देणार आहोत. वडिलांच्या, मामांच्या, शेजारच्या चाचांच्या कामाविषयी मुले उर्दूत लिहितील; त्यातले निवडक आम्ही मराठीत आणू. वहीच्या पहिल्या पानावर उस्तादाचे पूर्ण नाव लिहायचे, एवढा एकच नियम आम्ही ठेवला आहे.